आठव्या खुर्चीवरून दिसणारी पहिली फेरी: मार्च २०२४च्या फँटसी बेसबॉल ड्राफ्टचं प्रकरण

फँटसी बेसबॉलमध्ये लोक खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधतात, आणि हंगामाआधी आळीपाळीने खेळाडू उचलतात त्याला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत कोण जाईल याचा अंदाज बांधणं म्हणजे भविष्य सांगणं, असा एक समज आहे. तो चूक आहे, कारण त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. लोक कोणाला उचलतील हा एक प्रश्न. उचललेला खेळाडू सप्टेंबरअखेर त्या जागेला शोभेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. दुसऱ्याचं येत नाही, आणि किती येत नाही हे पाहायला २०२४च्या हंगामाइतकं स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

आपल्याकडे फँटसी म्हटलं की ड्रीम इलेव्हन आठवतं. तिथे एकच कोहली एकाच वेळी लाखो संघांत असायचा. अमेरिकेतल्या पारंपरिक फँटसी बेसबॉलमध्ये तसं नसतं. लीगमध्ये समजा १२ मॅनेजर असतील, तर एक खेळाडू एकाच संघात. तुम्ही घेतला नाही तर दुसरा घेणार, मग सहा महिने तो तुमच्याविरुद्ध खेळणार. खेळाचा हा प्रकार १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केला. ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ या रेस्टॉरंटमध्ये ते जेवायला जमत, म्हणून या पद्धतीला आजही ‘रोटो’ म्हणतात. सध्याच्या रूढ पद्धतीत दहा रकाने असतात. फलंदाजांचे पाच: सरासरी (यशस्वी फटक्यांचं प्रमाण), होमरन (मैदानाबाहेर मारलेला फटका), आरबीआय (आपल्या फटक्याने संघाला मिळवून दिलेल्या धावा), धावा आणि चोरलेले बेस, म्हणजे ‘स्टील’ (फटका न लागताच पुढच्या बेसवर पळून जाणं). पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे पाच: विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (फलंदाजाला फटका न लावू देता बाद करणं), ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा) आणि व्हिप (एका डावामागे किती फलंदाजांना बेसवर जाऊ दिलं). प्रत्येक रकान्यात १२ संघांची क्रमवारी लागते. पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १.

ड्राफ्ट नागमोडी चालतो. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत उलट, बारा ते एक. म्हणजे पहिल्या खुर्चीवाल्याला १, २४ आणि २५ क्रमांकाचे पिक (निवडी) मिळतात, तर बाराव्याला १२ आणि १३ लागोपाठ. या प्रकरणासाठी मी आठवी खुर्ची धरली आहे. आठव्याचे पिक येतात ८, १७, ३२, ४१ असे. आठवी का, तर पहिल्या खुर्चीवरच्याला अंदाज बांधावाच लागत नाही आणि बाराव्याला मिळेल ते गोड मानावं लागतं. मधल्या खुर्चीला मात्र आधीच्या सात जणांचं आणि नंतरच्या चौघांचं, दोघांचंही मन वाचावं लागतं.

मार्चमधलं चित्र

२०२३च्या हंगामात मेजर लीगने (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेने) नियम बदलले होते. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली, पिचरला चेंडू टाकण्यासाठी वेळेचं घड्याळ लागलं, आणि एका फलंदाजासाठी पिचरने पिकऑफसाठी, म्हणजे बेसवरच्या धावणाऱ्याला पकडण्यासाठी, किती वेळा थांबायचं यावर दोनची मर्यादा आली. परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ बेस चोरले गेले होते. २०२३ मध्ये ३,५०३. त्यामुळे ‘होमरनही मारतो आणि पळतोही’ अशा खेळाडूंचा भाव चढला. नुसता दणकट फलंदाज पहिल्या फेरीच्या शेवटाकडे ढकलला जाऊ लागला.

या लाटेवर सगळ्यात वर होता अटलांटाचा रोनाल्ड अकून्या ज्युनिअर. २०२३ मध्ये ४१ होमरन, ७३ स्टील, .३३७ सरासरी, १४९ धावा, १०६ आरबीआय. एका हंगामात ४० होमरन आणि ७० स्टील याआधी कोणीच केले नव्हते. मार्च २०२४ मध्ये पहिला पिक कोण, हा प्रश्नच नव्हता.

त्याच्यामागे पाच नावं अशी होती की त्यांचा क्रम बदलायचा, पण घोळका तोच राहायचा. कॅन्सस सिटीचा बॉबी विट ज्युनिअर (३० होमरन, ४९ स्टील). सिअ‍ॅटलचा हुलिओ रॉड्रिगेझ (३२ आणि ३७). लॉस एंजेलिस डॉजर्सचा मूकी बेट्स, ज्याचे स्टील चौदाच पण होमरन ३९ आणि धावा १२६. ॲरिझोनाचा कॉर्बिन कॅरल (२५ आणि ५४), ज्याला पदार्पणातला सर्वोत्तम खेळाडू एकमताने ठरवलं होतं. आणि ह्यूस्टनचा काइल टकर (२९ आणि ३०), जो दरवर्षी तेवढंच देतो आणि ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

हे झाले सहा. त्यापुढे ततीस ज्युनिअर, ॲरन जज, स्पेन्सर स्ट्रायडर, हुआन सोटो, फ्रेडी फ्रीमन, ट्रे टर्नर. उंबरठ्यावर ओहतानी, गेरिट कोल, योर्डन अल्वारेझ, मॅट ओल्सन, होसे रामिरेझ. एवढ्या सतरा नावांत पहिली फेरी संपत होती. बाहेरचं कोणी आत आलंच तर तो मॅनेजर एक तर फार हुशार किंवा फार आशावादी.

म्हणून आठव्या खुर्चीचा पहिला हिशेब अगदी साधा होता. आपल्याआधी सात जातील. त्यात सहा ठरलेले. म्हणजे उरलेल्या सहांतून फक्त एक जाईल आणि पाच आपल्यासमोर असतील. आता खरा प्रश्न येतो: त्या ठरलेल्या सहांपैकी कोणी घसरत आपल्यापर्यंत येईल का?

माझ्या मते अशी शक्यता दोघांचीच होती. कॅरलची, कारण २०२१ मध्ये त्याच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२३च्या उन्हाळ्यात तोच खांदा पुन्हा कुरकुरला होता. धास्तावलेला मॅनेजर तिथे हात आखडता घेतो. आणि टकरची, कारण त्याच्या नावाने कोणाचं हृदय धडधडत नाही. घड्याळात साठ-सत्तर सेकंद उरलेले असताना माणूस जे नाव त्याला उत्तेजित करतं तिकडे झुकतो. याद्या बनवणाऱ्यांना हे मान्य नसतं, पण ड्राफ्टच्या खोलीत बसलेल्यांना ठाऊक असतं.

खोली वाचणं

अंदाजाचं मुख्य हत्यार म्हणजे एडीपी, म्हणजे झालेल्या ड्राफ्टमध्ये खेळाडू सरासरी कितव्या क्रमांकावर गेला तो आकडा. लोक त्याला भविष्यवाणी समजतात. वास्तविक तो बाजार समितीतल्या कालच्या भावासारखा आहे: काल कांदा कितीला गेला ते सांगतो, आज किती आवक आहे ते नाही. सरासरी असल्यामुळे तो मागेच रेंगाळतो.

२०२४ मध्ये याचं उत्तम उदाहरण गेरिट कोल होता. आदल्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता, २.६३ ईआरए आणि २२२ स्ट्राइकआउट. फेब्रुवारीत तो पहिल्या फेरीच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला जायचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कोपराच्या तपासण्यांची बातमी आली आणि तो हंगामाच्या सुरुवातीला मुकणार हे स्पष्ट झालं. पण सरासरीत जानेवारी-फेब्रुवारीचे शेकडो ड्राफ्ट धरलेले असल्यामुळे त्याचा एडीपी पुढे कित्येक दिवस चांगलाच दिसत राहिला. ज्याने पूर्ण मोसमाचा एडीपी पाहिला त्याला वाटलं, कोल जाणार. ज्याने फक्त शेवटच्या आठवड्यातले ड्राफ्ट पाहिले त्याला कळलं, तो यादीतून केव्हाच गेलाय. सरासरीपेक्षा सगळ्यात लवकरचा आणि सगळ्यात उशिराचा पिक पाहणं जास्त उपयोगी. अकून्यासाठी ही दोन टोकं जवळजवळ चिकटलेली असतात. पंधराव्या नावासाठी त्यांत दोन फेऱ्यांचं अंतर असू शकतं.

उलट दिशेचंही उदाहरण होतं. ८ मार्चला डॉजर्सने जाहीर केलं की मूकी बेट्स शॉर्टस्टॉपला खेळेल. तो आधीच सेकंड बेस आणि आउटफिल्ड अशा दोन जागांवर चालत होता; आता तिसरी. फँटसीत याला किंमत असते, कारण पुढच्या वीस फेऱ्यांत संघ जुळवताना तो कुठेही बसतो. पण पहिल्या फेरीत त्यामुळे फार तर एखादा क्रमांक वर. लोक अशा बातमीवर जास्त बोलतात आणि कमी वागतात.

ओहतानीचं प्रकरण वेगळं; तो फलंदाजीही करतो आणि पिचिंगही. सप्टेंबर २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे २०२४ मध्ये तो पिचिंग करणार नव्हता. फलंदाज म्हणून तो फक्त ‘युटिलिटी’ (कोणताही फलंदाज चालतो असा खाना) या एकाच खान्यात बसत होता. तो खाना पहिल्याच फेरीत भरून टाकायला लोक कचरतात, कारण मग नंतर सापडलेल्या एखाद्या चांगल्या डीएचला (फक्त फलंदाजी करणाऱ्याला) जागा उरत नाही. आणि त्याचे स्टील? २०२३ मध्ये २०, कारकिर्दीतला सर्वोच्च आकडा २६. स्टीमर, झिप्स वगैरे प्रोजेक्शन पद्धती मागच्या तीन-चार वर्षांना वजन देऊन आणि टोकाच्या आकड्यांना मध्याकडे ओढून गणित मांडतात. त्यांनी साठ स्टीलच्या जवळचा आकडा, जो त्याने पुढे खरंच गाठला, लिहिला असता, तर त्यात गणितच बिघडलंय असं म्हणावं लागलं असतं. तेव्हा तो पहिल्या फेरीच्या शेपटाला किंवा दुसऱ्याच्या तोंडाला जात होता, आणि उपलब्ध माहितीनुसार ते योग्यच होतं.

आता माणसं. बाहेरच्या अनोळखी लीगमध्ये एडीपी पुरतो. ओळखीच्यांच्या लीगमध्ये पुरत नाही. तिथे सगळ्यात अचूक अंदाज बांधता येतो तो गैरहजर माणसाचा: त्याच्या वतीने संकेतस्थळ स्वतःच्या ठरावीक यादीतलं वरचं नाव उचलतं. याहूवर ड्राफ्ट असेल तर याहूची यादी, ईएसपीएनवर असेल तर त्यांची. या दोन याद्या एकसारख्या नसतात, आणि हजर असलेले निम्मे लोकही नकळत समोरच्या पडद्यावरचा क्रमच पाळतात. दुसरा सोपा प्रकार म्हणजे यांकीजचा, म्हणजे जजच्या न्यूयॉर्कच्या संघाचा, भक्त. त्याच्या हातात पाचवा पिक असेल तर जज आठव्यापर्यंत येत नाही, मग यादी काहीही म्हणो. त्या वर्षी तर सोटोही डिसेंबरमधल्या सौद्याने यांकीजकडे आला होता, म्हणजे एका भक्ताचे दोन उमेदवार. तिसरा प्रकार अवघड: ‘पहिल्या फेरीत पिचर घ्यायचाच नाही’ किंवा ‘घ्यायचाच’ अशी तत्त्वं बाळगणारा. त्याने गेल्या वर्षी काय केलं ते पाहावं. माणसं मतं बदलतात, ड्राफ्टमधल्या सवयी सहसा बदलत नाहीत.

आठव्या खुर्चीचा दुसरा हिशेब इथे लागतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. ८ आणि १७ यांच्यामध्ये आठ पिक आहेत, पण ते आठ लोकांचे नाहीत. ९ ते १२ या चार खुर्च्या, प्रत्येकी दोनदा. अकरा प्रतिस्पर्ध्यांचं नव्हे, चौघांचंच मन वाचायचं आहे. शिवाय त्यांचा पहिला पिक दुसऱ्याविषयी बरंच सांगून जातो. नवव्याने स्ट्रायडर घेतला तर १६व्या पिकला तो पुन्हा पिचर घेण्याची शक्यता कमी. अकराव्याने फ्रीमनला उचललं, तर १४व्याला ओल्सनकडे जाणार नाही, कारण दोघेही फर्स्ट बेसचे. पहिल्या फेरीचा अंदाज बांधताना बहुतेक लोक फक्त ‘माझ्यापर्यंत कोण येईल’ एवढंच पाहतात. ‘मी ज्याला सोडतोय तो परत येईल का’ हे विचारलं की निवड बदलते. तिसऱ्या बेसवर खेळणारा रामिरेझ १७ला मिळण्याची बरी शक्यता दिसत असेल, तर आठव्याला तिसऱ्या बेसची चिंता करायचं कारण उरत नाही.

आठवा पिक

समजा अपेक्षेप्रमाणे सहाही गेले आणि सातव्याने ततीस घेतला. समोर जज, स्ट्रायडर, सोटो, फ्रीमन, टर्नर.

स्ट्रायडरची बाजू भक्कम होती: २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट. फ्रीमन म्हणजे शांत झोप: .३३१ सरासरी, २९ होमरन आणि चक्क २३ स्टील. टर्नरने आदल्या वर्षी तीस वेळा बेस चोरायचा प्रयत्न केला आणि तीसही वेळा जमवला. सोटोसमोर यांकी स्टेडियमची जवळची उजवी भिंत होती, आणि डावखुऱ्या फलंदाजाला ती आवडते.

जजच्या नावापुढे मात्र लाल शेरे होते. जून २०२३ मध्ये डॉजर स्टेडियमच्या कुंपणावर धडकून पायाचं बोट दुखावलं, १०६ सामनेच खेळला. त्याही सामन्यांत ३७ होमरन. फेब्रुवारीत तो स्वतःच म्हणाला होता की या बोटाची देखभाल पुढेही करत राहावी लागेल. मार्चमध्ये पोटाच्या स्नायूंसाठी एमआरआय झाला. ज्याला दुखापतीची भीती, त्याने जज टाळून स्ट्रायडर घ्यायचा, हा त्या वेळी समंजस युक्तिवाद होता. पिचरच्या कोपराचा धोका सर्वसाधारण. जजच्या बोटाचा धोका नाव-गावासकट माहीत असलेला. माणूस माहीत असलेल्या धोक्याला जास्त घाबरतो.

मी इथे जजच्या बाजूने आहे, आणि निकाल पाहून नव्हे. ठरलेल्या सहांपैकी पाच खेळाडू पळणारे होते, त्यामुळे स्टील पुढच्या फेऱ्यांत आणि एकूण लीगमध्येच मुबलक झालेले. पन्नास होमरनची शक्यता असलेला फलंदाज मात्र तिथे एकच होता. विपुल झालेल्या गोष्टीसाठी पहिला पिक खर्चू नये.

पुढे काय झालं

स्ट्रायडर फक्त दोन सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला. १२ एप्रिलला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम संपला.

अकून्याचं तर विचित्रच. मार्चच्या सुरुवातीला त्याच्या उजव्या गुडघ्याच्या मेनिस्कसला (कूर्चेला) त्रास असल्याची बातमी आली होती. २०२१ मध्ये फाटलेला तोच गुडघा. लोक दोन दिवस घाबरले, मग तो खेळायला लागला आणि पहिल्या क्रमांकावर राहिला. २६ मेला पिट्सबर्गमध्ये तो दुसऱ्या बेसवर होता. तिसऱ्याकडे निघाला, थांबला, परत वळला आणि खाली बसला. डाव्या गुडघ्याचा एसीएल (आतला अस्थिबंध) फाटला होता. सगळ्यांनी ज्या गुडघ्यावर डोळे लावले होते तो शाबूत राहिला. ४९ सामने, ४ होमरन, १६ स्टील.

जूनमध्ये टकरने मारलेला फाउल चेंडू त्याच्याच नडगीवर आदळला. आधी मुका मार सांगितला, नंतर कळलं की हाड मोडलं होतं; ७८ सामनेच खेळला. बेट्सच्या डाव्या हातावर चेंडू बसला आणि हाड मोडलं, ११६. ततीसच्या मांडीच्या हाडाला ताणाची इजा, १०२. टर्नरचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), १२१. बारांपैकी सहा जण बराच काळ बाहेर. कॅरल हंगामभर खेळला, पण अर्धा मोसम होमरन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि शेवटी सरासरी .२३१. तरीही १२१ धावा आणि ३५ स्टील आल्यामुळे तो दिसला तेवढा वाईट ठरला नाही. रॉड्रिगेझ २० होमरन आणि २४ स्टीलवर थांबला. फ्रीमनने २२ होमरन दिले: वाईट नाही, पहिल्या फेरीचंही नाही.

पहिल्या फेरीच्या किमतीला निर्विवाद जागले असे बारांत तीनच म्हणता येतील. विट: .३३२, ३२ होमरन, ३१ स्टील, १२५ धावा. सोटो: ४१ होमरन, १२८ धावा. आणि जज: .३२२, ५८ होमरन, १४४ आरबीआय. त्या बोटाने काही त्रास दिला नाही. अर्थात एप्रिलअखेर त्याची सरासरी .२१०च्या आसपास घुटमळत होती आणि त्या आठवड्यात त्याला ट्रेड करून टाकणारे मॅनेजर नक्की असतील.

उंबरठ्यावरचे मात्र आत आले. रामिरेझने ३९ होमरन आणि ४१ स्टील केले, आठव्या खुर्चीला १७ व्या पिकपर्यंत मिळू शकणारा हा माणूस. ओहतानीने ५४ होमरन, १३० आरबीआय आणि ६३ प्रयत्नांत ५९ स्टील. १९ सप्टेंबरला मायामीत एकाच सामन्यात तीन होमरन, दोन स्टील आणि दहा आरबीआय करून तो ५०-५० ओलांडून गेला. पिचिंग नसलेलं वर्ष त्याने पायांवर काढलं. हे कारण आता स्पष्ट दिसतं. मार्चमध्ये ते कोणत्याही रकान्यात नव्हतं. त्याच्याही पलीकडून, पहिल्या फेरीच्या बऱ्याच बाहेरून, एली दे ला क्रूझ ६७ स्टील घेऊन आला आणि गनर हेंडरसन ३७ होमरन घेऊन.

म्हणजे ‘कोण निवडलं जाईल’ या परीक्षेत एखाद्या नेटक्या अभ्यासकाला बारांपैकी दहा नावं सहज जमली असती, आणि ‘कोणाला निवडायला हवं होतं’ या परीक्षेत त्याच दहांनी त्याला नापास केलं असतं. यावर काहींचा निष्कर्ष असा की पहिली फेरी म्हणजे जुगार, कोणालाही घ्या. मला तो पटत नाही. स्ट्रायडर आणि जज यांच्यातली निवड दुखापतीवर ठरली, हे खरं. पण बेट्स वा टकर घेतलेल्या मॅनेजरला ते खेळत होते तितके दिवस पहिल्या फेरीचाच खेळ मिळाला: टकरने ७८ सामन्यांत २३ होमरन मारले. चुकला तो सामन्यांचा आकडा, दर्जाचा नव्हे. आणि सामन्यांचा आकडा मार्चमध्ये कोणालाच वाचता येत नाही.

मग मार्च २०२५ आला. पहिल्या क्रमांकावर आता ओहतानी, त्याच्यामागे विट आणि जज. दे ला क्रूझ, रामिरेझ, हेंडरसन वरच्या घोळक्यात. स्ट्रायडर पहिल्या फेरीतून बाहेर, अकून्या खाली सरकलेला. ड्राफ्टच्या टेबलाने गेल्या वर्षाचा निकाल नीट पाठ केला होता, त्यामुळे कोण जाईल हे सांगणं पुन्हा सोपं होतं. ओहतानीने त्या वर्षी ५५ होमरन मारले, पण पिचिंगला परतला आणि स्टील २० वर आले. मेट्सकडे गेलेल्या सोटोने, ज्याने आदल्या वर्षी सात बेस चोरले होते, अडतीस चोरले.